सोळा मतं

महाजालावर फुकटात जागा शोधणाऱ्यांना 'डॉट टीके' हे शेपूट आठवत असेल. २००० नंतरच्या दशकात स्वतःचं संकेतस्थळ हवं पण खिशातून दमडी काढायची नाही, अशा अनेकांनी ते घेतलं होतं. कवितांची पानं, कॉलेजच्या ग्रुपची पानं, क्रिकेटची पानं, सगळं 'डॉट टीके'. पुढे स्पॅमवाल्यांनी आणि ठगांनी त्याचा इतका वापर केला की नाव बदनाम झालं, आणि २०२३ मध्ये ती फुकट नोंदणी बंद पडली.

हे 'टीके' म्हणजे टोकेलाऊ. नेदरलँड्समधल्या एका उद्योजकाने तिथल्या लोकांशी करार केला आणि त्यांच्या नावाची दोन अक्षरं जगाला वाटायला सुरुवात केली. त्यातून मिळणाऱ्या पैशातला वाटा बेटांना जाई. लाखो संकेतस्थळांना ज्यांचं नाव लागलं, ती माणसं मात्र जेमतेम दीड हजार. माझ्या माहितीत एवढ्या छोट्या जागेने मतपेटी इतक्या गंभीरपणे घेतल्याचं दुसरं उदाहरण नाही, म्हणून आज त्यांच्याबद्दल लिहितो आहे.

आधी भूगोल. प्रशांत महासागरात, सामोआच्या उत्तरेला तीन प्रवाळकंकणं आहेत: अताफू, नुकुनोनू आणि फाकाओफो. कंकण म्हणजे अक्षरशः कंकण. मधे खारं सरोवर आणि भोवती वाळूच्या, नारळाच्या चिंचोळ्या पट्ट्या. सगळी जमीन मिळून १२ चौरस किलोमीटरच्या आसपास. समुद्र मात्र सुमारे ३ लाख चौरस किलोमीटर त्यांच्या हक्काचा. सगळ्यात उंच जागा समुद्रापासून पाच मीटरच्या आसपास. विमानतळ नाही, बंदरही नाही. सामोआच्या अपिया शहरातून बोट निघते आणि दिवसभराहून जास्त प्रवास करून प्रवाळाच्या भिंतीबाहेर उभी राहते. तिथून माणसं, तांदळाची पोती आणि (आपल्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाचं) मतपेट्या छोट्या होड्यांतून किनाऱ्यावर येतात.

तीन बेटं म्हणजे तीनच गावं. चौथं होतं, ओलोहेंगा, पण तिथे एका अमेरिकन माणसाचं घराणं नारळाची बाग करून बसलं होतं. १९२५ मध्ये अमेरिकेने ते बेट आपल्या सामोआला जोडून घेतलं. १९८० च्या तहात टोकेलाऊच्या वतीने त्यावरचा दावाही सोडून देण्यात आला. तहाने सोडलं तरी मनातून ते गेलं नसावं, कारण २००६ च्या राज्यघटनेच्या मसुद्यात आपल्या मूळ बेटांमध्ये ओलोहेंगाचं नाव परत आलं होतं.

प्रत्येक गावात एक ज्येष्ठांचं मंडळ असतं, त्याचं नाव ताउपुलेंगा. (लिहिताना त्यांचा 'ग', बोलताना अनुनासिक 'ङ'. संस्कृतातली ती कोपऱ्यातली अक्षरं कुठेतरी रोज उपयोगात आहेत हे पाहून बरं वाटतं.) घराण्यांचे प्रमुख आणि वडीलधारे त्यात बसतात. कोणी कधी मासे मारायचे, खाडीचा कुठला भाग काही काळ बंद ठेवायचा, तरुणांच्या कामकरी गटाने आज काय करायचं, शाळेचं छप्पर कोण शाकारणार, हे सगळं तिथे ठरतं. आपल्या जुन्या गावकीशी ओळख असलेल्याला हे समजायला वेळ लागणार नाही.

मंडळ निवडून येत नाही. निवडून येतात ते दोघे, फाइपुले आणि पुलेनुकू. दर तीन वर्षांनी, साधारण जानेवारीत, प्रत्येक गाव आपापले हे दोघे मतदानाने निवडतं. पुलेनुकू म्हणजे शब्दशः गावाचा अधिकार, म्हणजे आपला सरपंच म्हणा. पाण्याच्या टाक्या, स्वच्छता, बागायतीची पाहणी ही त्याची पारंपरिक कामं. फाइपुले गावाच्या वतीने बाहेरच्या जगाशी बोलतो. तिन्ही फाइपुले आळीपाळीने एकेक वर्ष 'उलू' होतात, म्हणजे सगळ्या टोकेलाऊचा प्रमुख. उलू ज्या गावचा, त्या वर्षी राजधानी त्याच गावात. कायमची राजधानीच नाही! तीन फाइपुले आणि तीन पुलेनुकू मिळून सहा जणांचं मंत्रिमंडळ होतं, आणि खाती या सहा जणांतच वाटली जातात. पक्ष नाहीत, जाहीरनामे नाहीत. गावात मतदार काही शे. उमेदवार कोणाचा मामा, कोणाचा साडू, हे सगळ्यांना पाठ असतं.

पुलेनुकूचं 'पाणी बघणं' वाचून हसू येत असेल तर एक प्रसंग सांगतो. २०११ च्या ऑक्टोबरमध्ये पावसाने इतकी पाठ फिरवली की तिन्ही बेटांवर मिळून आठवडाभराचंही पिण्याचं पाणी उरलं नव्हतं. नदी नाही, ओढा नाही, जे काही पडतं ते छपरावरून टाकीत. आणीबाणी जाहीर झाली आणि न्यूझीलंड-अमेरिकेला जहाजाने पाणी पोहोचवावं लागलं. अशा जागी टाक्यांवर नजर ठेवणारा माणूस निवडणं हे विधानसभेच्या निवडणुकीपेक्षा हलकं काम नाही.

आता ही व्यवस्था आली कुठून, ते बघू. एके काळी फाकाओफोचं वर्चस्व इतर बेटांवर होतं. एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला मिशनरी आले. अताफू प्रॉटेस्टंट झालं, नुकुनोनू कॅथलिक आणि फाकाओफोत दोन्ही. मग १८६३ साली पेरूहून गुलाम पकडणारी जहाजं आली. त्यांनी सुमारे अडीचशे माणसं नेली, म्हणजे जवळपास निम्मी लोकसंख्या, आणि त्यातही प्रामुख्याने धडधाकट पुरुष. बहुतेक कोणी परत आलं नाही. एवढ्याशा जागेत निम्मी माणसं जाणं म्हणजे काय, याचा आकड्यांनी अंदाज येत नाही. प्रत्येक होडीतला एक वल्हेकरी गेला, प्रत्येक घरातला माड चढणारा गेला, असं मनाशी धरून बघा.

१८८९ मध्ये ब्रिटिशांनी संरक्षण दिलं (न मागता), १९१६ मध्ये दूरच्या गिल्बर्ट आणि एलिस बेटांच्या वसाहतीला जोडलं, आणि १९२६ पासून कारभार न्यूझीलंडकडे आला. १९४९ च्या पहिल्या दिवसापासून टोकेलाऊ कायद्याने न्यूझीलंडचाच भाग झालं. गंमत अशी, की या सगळ्या मालकांपैकी कोणालाच तिथे जाऊन राहायचं नव्हतं. कारभार चाले तो अपियातून, वर्षाकाठी येणाऱ्या बोटींवरून. साहेब यायचा, वही बघायचा, दवाखाना बघायचा, जेवायचा आणि बोट सुटायच्या आत परत जायचा. बाकीचे तीनशेसाठ दिवस गाव आणि गावातले म्हातारे. पारतंत्र्य होतं, पण ते दर्शन द्यायचं क्वचित. म्हणून ताउपुलेंगाचं वजन कधी कमी झालं नाही.

वासाहतिक इतिहासात आपण नेहमी वाचतो ते उलटं असतं. साहेब आला, गावाचे अधिकार काढून घेतले, तलाठी-मामलेदार बसवले आणि शंभर वर्षांनी जाताना वरून खाली लोकशाही दिली. इथे खालचं कोणी काढलंच नाही. कमी होतं ते वरचं. 'टोकेलाऊ' असं एकत्र म्हणावं असं काही नव्हतं, एक सामाईक सभा सोडून. तिचं नाव जनरल फोनो. तिथे तिन्ही गावांचे प्रतिनिधी आधी समान संख्येने बसत, नंतर लोकसंख्येच्या प्रमाणात.

१९६० च्या दशकात सामोआ स्वतंत्र झालं, कुक बेटांना स्वायत्तता मिळायची होती, आणि टोकेलाऊचं काय करायचं हा प्रश्न वेलिंग्टनला पडला. सामोआत जाता का, की कुक बेटांत? लोकांनी दोन्हींना नकार दिला. न्यूझीलंडबरोबर आहोत ते बरं आहे, म्हणाले. १९६६ च्या वादळानंतर सरकारने लोकांना न्यूझीलंडमध्ये नेऊन वसवायची योजना वाढवली. काही शे माणसं गेली, मागून नातलग गेले, आणि हळूहळू तिकडचं टोकेलाऊ इकडच्यापेक्षा मोठं झालं. २०१८ च्या न्यूझीलंडच्या जनगणनेत आठ हजारांहून अधिक लोकांनी आपण टोकेलाऊचे असं लिहिलं. म्हणजे बेटांवर एक माणूस, तर बाहेर पाचाहून जास्त!

आणि मग संयुक्त राष्ट्रं. तिथे एक समिती आहे, जगात अजून स्वतःचं राज्य न करणारे प्रदेश कुठले याची यादी ठेवणारी. टोकेलाऊ त्या यादीत. १९७६ मध्ये समितीचं पहिलं शिष्टमंडळ बोटीतून आलं आणि विचारलं, तुम्हाला स्वतंत्र व्हायचं का? लोकांनी आदराने ऐकून घेतलं, मेजवानी दिली आणि सांगितलं, आत्ता नको. नंतरही शिष्टमंडळं येत राहिली.

जुडिथ हंट्समन या मानववंशशास्त्रज्ञ आणि केलिहियानो कालोलो हे अताफूचे अभ्यासक, या दोघांनी २००७ मध्ये या सगळ्या प्रकरणावर पुस्तक लिहिलं. (कालोलो पुढे स्वतः अताफूचे फाइपुले झाले आणि त्यांच्या पाळीला उलूही. स्वतःच्या निवडणुकांवर आधी पुस्तक आणि मग पद, असा क्रम विरळाच.) वसाहतवाद संपवण्याची घाई बेटांपेक्षा बाहेरच्यांना जास्त होती, असं मला ती कहाणी वाचून वाटतं. बाहेरचे लोक वाईट होते असं नव्हे. न्यूझीलंडला 'वसाहतवादी' हा शिक्का नको होता, समितीला यादी लहान करायची होती आणि टोकेलाऊचे लोक घाई न करता विचार करत होते.

तरी १९९० च्या दशकात चक्रं फिरली. अपियातला कारभार बेटांवर आला. १९९४ मध्ये प्रशासकाचे अधिकार जनरल फोनोकडे सोपवले गेले, १९९६ मध्ये कायदे करायचा अधिकार मिळाला. आणि मग एक भन्नाट निर्णय झाला, जो मला या सगळ्या इतिहासात सगळ्यात आवडतो. वरून आलेले अधिकार त्या राष्ट्रीय सभेने स्वतःजवळ ठेवायचे नाहीत, ते तीन ताउपुलेंगांचे आहेत, असं ठरलं. २००४ पासून कागदोपत्रीही तसंच आहे. प्रशासकाचे अधिकार थेट तीन गावांच्या मंडळांना, आणि तिन्ही गावांच्या सामाईक गोष्टी तेवढ्या मंडळांनी फोनोकडे वर द्यायच्या. जगभर राज्यं गावांना अधिकार 'देतात'. इथे गावं राज्याला देतात. गाव करी ते राव काय करी, हे आपण म्हणतो; त्यांनी ते कायद्याच्या मसुद्यात घातलं.

मग आलं २००६. प्रश्न असा: न्यूझीलंडशी मुक्त सहकार्य ठेवून टोकेलाऊने स्वयंशासित व्हावं का, कुक बेटं आणि नियुएसारखं? नागरिकत्व न्यूझीलंडचंच राहणार, मदत चालू राहणार, तसा कराराचा मसुदाही तयार होता. आणि इथे जनरल फोनोने स्वतःहून एक अट घातली. साधं बहुमत चालणार नाही. दोन तृतीयांश मतं पडली तरच बदल.

फेब्रुवारीत मतदान झालं. अपियात राहणाऱ्यांपासून सुरुवात, मग बोटीबरोबर एकेका बेटावर, एकेका दिवशी. संयुक्त राष्ट्रांचे निरीक्षक हजर. एकूण मतं पडली ५८१. बाजूने ३४९, विरोधात २३२. म्हणजे साठ टक्के. एकोणचाळीस मतं कमी पडली.

दीड वर्षाने, २००७ च्या ऑक्टोबरमध्ये, पुन्हा. मतपेटी पुन्हा बोटीवर. या वेळी ६९२ मतं. बाजूने ४४६, विरोधात २४६. हवी होती ४६२.

सोळा मतं कमी पडली. साडेचौसष्ट टक्के लोकांनी 'हो' म्हटलं आणि निकाल 'नाही' लागला. जगात कुठेही याला घवघवीत विजय म्हणतात. याहून कितीतरी कमी टक्क्यांवर सरकारं पाच पाच वर्षं राज्य करतात आणि जनादेशाच्या गप्पा मारतात.

बाहेरच्या अनेकांना ही दोन तृतीयांशची अट वेडेपणा वाटली. मला तसं वाटत नाही, आणि त्याचं कारण मासे.

टोकेलाऊत 'इनाती' नावाची पद्धत आहे. गावाने मिळून मोठी मासेमारी केली की सगळी मासळी किनाऱ्यावर मांडतात आणि वाटेकरी माणसं तिचे वाटे घालतात. वाटा मिळतो घरातली डोकी मोजून. होडीत कोण गेलं होतं, कोणी जाळं ओढलं, हा प्रश्नच नाही. तान्ह्या मुलाचा वाटा आहे, अंथरुणाला खिळलेल्या म्हातारीचाही आहे. पगाराची नोकरी, दुकानातला तांदूळ, फ्रीजर, सगळं आलं तरी ही वाटणी टिकून राहिली.

आता चारशे माणसांच्या गावात एकावन्न विरुद्ध एकोणपन्नास असा निकाल लागला, तर दुसऱ्या दिवशी किनाऱ्यावर काय होईल याचा विचार करा. हरलेले एकशे शहाण्णव जण जाणार कुठे? दुसऱ्या गावी? ते एक रात्र बोटीने. ज्याच्याविरुद्ध मत दिलं त्याच्याच शेजारी बसून मासळी वाटून घ्यायची आहे. मोठ्या देशात अल्पमतातल्या माणसाला स्वतःचं शहर असतं, वर्तमानपत्र असतं, पक्ष असतो. बेटावर त्याला काहीच नसतं. म्हणून असल्या ठिकाणी निर्णय 'जिंकून' चालत नाही, तो मुरावा लागतो. ताउपुलेंगात मतं मोजत नाहीत, बोलत राहतात, सगळ्यांचं एक होईपर्यंत. पाचामुखी परमेश्वर म्हणताना आपल्यालाही पाचांचं एकमत अभिप्रेत असतं, तिनांचं बहुमत नव्हे. दोन तृतीयांश ही अट म्हणजे म्हाताऱ्यांच्या बैठकीची सवय मतपेटीत शिरली, एवढंच.

याचा अर्थ ते गाव म्हणजे स्वर्ग, असं मला सुचवायचं नाही. ज्येष्ठांचं मंडळ हे मुख्यतः पुरुषांचं मंडळ. बायकांचा गट वेगळा, त्याचं नाव फातुपाएपाए. मूळ हा शब्द घरातल्या वडीलधाऱ्या लेकीसाठी. टोकेलाऊत मुलगे बाहेरची कामं बघतात आणि मुली माहेरच्या घरातच राहतात. घरात आलेल्या अन्नाचं वाटप करण्याचा मान या थोरल्या लेकीचा. म्हणजे घरात तिचा शब्द शेवटचा, पण गावाच्या बैठकीत तो पोहोचायला वाट लांब. तरुणांचंही तसंच. पंचवीस वर्षांच्या मुलाने गावात मत मांडण्यापेक्षा आधी सांगितलेलं काम करावं, ही अपेक्षा. मग तो मुलगा एक दिवस बोटीत बसतो आणि ऑकलंडला किंवा वेलिंग्टनजवळच्या हट खोऱ्यात जातो. तिथे त्याला हवं ते बोलता येतं. फक्त तिथून त्याला मत देता येत नाही.

हा मुद्दा २००६ आणि २००७ दोन्ही वेळा गाजला. न्यूझीलंडमधल्या हजारो टोकेलाऊकरांना या सार्वमतात मत नव्हतं. कायद्याच्या दृष्टीने ठीक आहे, स्वयंनिर्णय तिथे राहणाऱ्यांचा. पण बेटावरच्या प्रत्येक घरातली दोन-तीन माणसं तिकडे, त्यांच्याकडून पैसे येतात, फोन येतात. आणि फोनवर अनेक जण काळजीच बोलत होते: उद्या पासपोर्ट राहील का, म्हातारपणाचं पेन्शन मिळेल का, आजारी पडलो तर तिकडच्या इस्पितळात घेतील का? करारात आश्वासन होतं. पण आश्वासन देणारा पन्नास लाखांचा देश आणि घेणारी दीड हजार माणसं असली, की घेणारा दहा वेळा वाचून बघतो.

माझ्या मते 'नाही' म्हणणारे ते २४६ जण स्वातंत्र्याला घाबरले हे म्हणणं उथळ आहे. रोजच्या जगण्यात जे ठरवायचं ते त्यांचं गाव आधीच ठरवत होतं, अधिकारही २००४ मध्ये गावाकडे आलेले होते. मतपत्रिका त्यांना जे नवीन देऊ करत होती ते म्हणजे 'राज्य' ही उपाधी, आणि धोका मात्र खराखुरा होता. हिशोब साधा होता. दुसऱ्या बाजूच्या ४४६ जणांचंही चुकलं असं नाही. जगाच्या बैठकीत स्वतःच्या नावाची पाटी पुढ्यात असावी, समुद्र चढत असताना आपल्या वतीने दुसऱ्याने बोलू नये, हेही खरंच आहे.

त्यानंतर तिसरं मतदान लगेच घ्यायचं नाही, आधी शाळा-दवाखाने-बोटी नीट करू, असं ठरलं. २००९ मध्ये स्वतःचा झेंडा आला, शिडाची होडी आणि चार तारे असलेला. राज्य झालं नाही, झेंडा झाला! २०१२ मध्ये तिन्ही बेटांवर चार हजारांहून अधिक सौर पट्ट्या बसवल्या आणि डिझेलवर चालणारी वीज जवळजवळ पूर्णपणे सूर्यावर आणली. अख्ख्या देशाची वीज अशी बदलणारे ते जगात पहिल्यांपैकी. आणि २०११ च्या शेवटी, सामोआने दिनांकरेषा ओलांडायचं ठरवलं तेव्हा टोकेलाऊनेही ओलांडली. अपियाची बोट उद्याच्या तारखेला निघणार आणि आपण कालच्या तारखेत राहणार, हे कसं चालायचं? २९ डिसेंबरला रात्री झोपले ते ३१ डिसेंबरला उठले. शुक्रवार, ३० डिसेंबर २०११, तिथे उगवलाच नाही.

निवडणुका मात्र ठरल्याप्रमाणे होत राहिल्या: २००८, २०११, २०१४, २०१७, २०२०, २०२३. दर वेळी तीन फाइपुले, तीन पुलेनुकू आणि फोनोचे प्रतिनिधी. दर वेळी निवडून आलेला माणूस पहिल्यांदा जाऊन बसतो तो ताउपुलेंगासमोर, आणि कसा वागणार ते त्यांना सांगतो. जे मुळीच निवडून आलेले नाहीत त्यांना निवडून आलेल्याने उत्तर द्यायचं, हे आपल्या नागरिकशास्त्राच्या पुस्तकात कुठेच बसत नाही. पण त्या म्हाताऱ्यांनाही पुढच्या मासेमारीनंतर वाटा मिळतो तो डोक्यांच्या हिशोबानेच, इतरांएवढाच.